लूमखात्यातली बोली

आमच्याकडे वऱ्हाडात माणूस सरणावर गेला की तिथल्या तिथे त्याची शोकसभा होते. तिकडे चिता पेटलेली असते आणि इकडे मोक्षधामाच्या टिनाच्या शेडखाली कोणीतरी घसा खाकरून म्हणतो, ज्यांना दोन शब्द बोलायचे त्यांनी पुढे यावं. पुढे येणारे येतात. काहींना तर या सभांची सवयच झालेली असते, मेलेला माणूस कोणीही असो, यांचं भाषण तेच. माझ्या बाबांच्या वेळेला चौघं बोलले. पहिला म्हणाला, शांत स्वभावाचा माणूस गेला. दुसरा म्हणाला, उभ्या आयुष्यात कोणाला उलटून बोलले नाहीत. तिसरा त्याच्याहून वरताण, म्हणे इतके अबोल की घरात माणूस आहे की नाही हे शेजाऱ्याला कळत नसे. चौथ्यानं तिघांचं मिळून पुन्हा एकदा सांगितलं आणि वर 'आदर्श कामगार, आदर्श कुटुंबप्रमुख' असं जोडून दिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अबोल म्हणे! तो तिसरा जो बोलला तो आमच्याच लाइनीतला, म्हणजे घरांच्या ओळीतला, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. माझ्या लहानपणी हाच माणूस भिंतीवर थापा मारून ओरडायचा की हळू बोल, आमचे लेकरं झोपले. आता रुमालानं डोळे पुसत होता. मग सभा चालवणाऱ्यानं विचारलं, घरच्यांपैकी कोणी बोलणार आहे का. भावानं माझ्याकडे पाहिलं. मी अमरावतीत राहणारी, तोंडाची फटकळ, मीच बोलणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्या चौघांच्या भाषणांपेक्षा मला माझ्या त्या मानेचा राग जास्त आला. चार महिने झाले तरी तो उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

बाबा अकोल्याच्या एका कापड गिरणीत लूमखात्यात होते. लूमखातं म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात ते. सहावी-सातवीत असताना मी एकदा डबा द्यायला म्हणून आत गेले होते. दारातच पोट हादरायला लागलं. एका छताखाली ओळीनं माग, आणि प्रत्येक मागावर लाकडी धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतोय. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. अशा जागी माझा बाप तेहतीस वर्षं रोज आठ तास उभा राहिला. कानांसाठी काही व्यवस्था? काही नाही. आपल्याच हातानं कापसाचा बोळा करून कानात घालायचा. तोही जॉबरला, म्हणजे त्यांच्यावरच्या मुकादमाला, दिसला की काढायला लावायचा. मागाचा आवाज बिघडला तर तुले समजंन कसा, असं त्याचं म्हणणं. वाह रे जॉबर. मागाच्या आवाजाची एवढी काळजी.

मग तिथली माणसं बोलत कशी होती? ओठांनी. आवाज काढायचाच नाही. ओठ आणि जबडा मोठा मोठा हलवायचा, सोबत बोटं. मनगटावर दोन बोटं टेकवली की पाळी सुटायला किती वेळ आहे. मिशीवरून बोट फिरवलं की जॉबर येतोय. पहिल्या जॉबरला भरघोस मिशा होत्या, त्याच्या जागी सफाचट तोंडाचा आला तरी खूण तीच राहिली. या बोलीत लोक खात्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गप्पा मारत, टिंगल करत, एकमेकांच्या पोरापोरींची लग्नं जमवत. आणि त्या सगळ्यांत बोलका कोण, तर माझा बाप. त्यांच्या शेजारच्या मागावरचा माणूस घरी आला की सांगायचा, तुह्या बापाचे ओठ पाळीभर थांबत नाईत. हे त्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते गिरणीत नव्हतेच कधी.

घरी आले की बाबांच्या भुवयांवर कापूस बसलेला असे आणि आवाज मात्र सुटलेला. मीठ मागितलं तरी भांडण वाटायचं. त्यांना आपला आवाज किती चढलाय हे कळायचंच नाही, कारण त्यांना तो ऐकूच येत नव्हता. लाइनीत बोललं जायचं की हा माणूस बायकोला मारतो. मारतो! सुट्टीच्या दिवशी हा माणूस स्वतः वरण-बट्टी करायचा, पिठाचे हात घेऊन आईच्या मागे मागे फिरत खात्यातल्या गमती सांगायचा, आणि आई कपाळाला हात लावून म्हणायची, अवो हळू बोला, लोक ऐकून राहिले. मग ते एक मिनिट कुजबुजल्यासारखे ओठ हलवायचे, की पुन्हा आवाज चढायचा. आम्ही दोघं भावंडं समजत होतो की आपला बाप तापट आहे. भाऊ तर त्यांच्या समोर यायलाच भ्यायचा. घरात आम्ही तिघं, शिवाय येणारे-जाणारे काका, मामा, आत्या. एकाच्याही डोक्यात आलं नाही की या माणसाला ऐकू कमी येतं. भैताड होतो सगळे, दुसरा शब्द नाही.

त्यांची ती ओठांची बोली घरात फक्त मी शिकले. कोणी शिकवली नाही, त्यांचं तोंड पाहून पाहून आली. आईला ते आवडत नसे, पोरीच्या जातीनं असं तोंड वाकडं करू नये म्हणायची. मी कसली ऐकते! शाळेच्या फाटकापाशी ते रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून उभे असायचे, तिथून ओठांनी विचारायचे, पेपर कसा गेला. मी इकडून ओठांनीच सांगायची. मैत्रिणी माझ्याकडे पाहतच राहायच्या. घरी पाहुणा जेवायला बसला असला की बाबा त्याच्या डोक्यावरून मला सांगायचे, याले तिसरी पोळी वाढू नको, हा मंग उठत नाई. मला हसू आवरायचं नाही आणि पाहुण्याला वाटायचं, पोरगी खुळी आहे. त्या बोलीत बाबा तापट नव्हते. त्या बोलीत त्यांच्याइतका गमत्या माणूस मी पुढे पाहिला नाही.

मला गणित यायचं. चांगलं यायचं. बाबांनी ते सगळ्या लूमखात्याला सांगून ठेवलं होतं की माही पोरगी मास्तरीण होणार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा एप्रिलमध्ये, आणि जानेवारीत स्थळ आलं. मूळचे वरूडकडचे, संत्र्याचे बगीचे, मुलगा अमरावतीला ऑफिसात. आईला तर स्वर्ग दोन बोटं उरला. बाबांनी मला ओठांनी विचारलं, तुह्या मनात काय हाय. मी म्हटलं, पोरगा पाहू, पण परीक्षा झाल्याशिवाय लग्न नाही. ते म्हणाले, मी सांगतो त्याईले. बस, एवढंच ठरलं होतं आमचं.

पाहुणे आले ते संत्र्यांची पेटी घेऊन. पुढच्या खोलीत बैठक, आत आम्ही बाया कच्चा चिवडा आणि चहाच्या मागे. पाहुण्यांचा म्होरक्या मुलाचा मामा. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबलेला, आणि तो सांडू नये म्हणून हनुवटी वर करून, ओठ मिटून बोलणारा. आमच्याकडे असे खंडीभर सापडतात. मी दाराच्या पडद्याच्या फटीतून पाहत उभी होते. बाबांनी बहुतेक वाक्य घोकून ठेवलं असणार. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी सुरुवात केली, 'हे पाहा, माह्या पोरीची—' आणि आवाज असा चढला की मुलाच्या आईच्या हातातला कप बशीत आपटला. सगळे दचकले. मग पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हटलं, मायक गिळला का हो इवाईबोवानं, आणि बैठकीत हशा पिकला. मुलगाही हसला. तो आज माझा नवरा आहे.

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी वळून स्वयंपाकघरात गेले आणि ट्रे भरायला लागले. तेवढ्यात मामाचा आवाज ऐकू आला, खर्रा गालात सारून बोलत होता. तो म्हणाला, 'लगन होळी झाली का उरकून टाकू. परीक्षा-बिरीक्षा आता कायले पाह्यजे? आमच्याकडं बाया नोकरी करत नाईत. मंजूर हाय ना तुमाले?' मी ट्रे तसाच धरून थांबले. आता बाबा बोलतील. आता लाइनीला ऐकू जाईल असं बोलतील आणि मला बिलकूल लाज वाटणार नाही, असं मनात म्हटलं. काहीच ऐकू आलं नाही. पडदा सारून पाहिलं तर माझा बाप मामाच्या तोंडाकडे पाहत मान हलवत होता. खाली-वर, खाली-वर. मंजूर.

झालं. होळीनंतर लग्न झालं. एप्रिलमधली परीक्षा मी अमरावतीच्या घरातून ऐकली, म्हणजे शेजारची मुलगी सकाळी पेपरला निघायची तिच्या स्कूटीचा आवाज. पुढे कधी तरी देता आली असती, असं लोक म्हणतात. आली असती. पोरं झाली, सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या, हे सगळं खरं. पण खरं कारण हे की मी हट्टाला पेटले होते. ज्या मानेनं माझं शिक्षण बंद केलं त्या मानेला सगळ्यांनी जन्मभर दोष द्यावा, असं मला वाटत होतं. आता मी एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसते. अमरावतीत दर गल्लीत एक क्लास आहे, त्यातलाच एक. पोरींना फॉर्म देते, फोटो आणला का विचारते. आत वर्गात गणित चाललेलं असतं, दार उघडं राहिलं की फळ्यावरची चूक मला काउंटरवरून दिसते. नवऱ्याला एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही का नाही थांबवलं? तो म्हणाला, तू बोलली असती तर थांबलो असतो. म्हणजे तिथेही बोलायचं मीच होतं.

बाबांशी मी ती ओठांची बोली बंद केली. माहेरी जायची, पाया पडायची, आईशी बोलायची, आणि ते समोरून ओठ हलवायला लागले की दुसरीकडे पाहायची. सुरुवातीला ते प्रयत्न करत. मग माझ्या डोळ्यांसमोर हात हलवायचे, लहानपणी करायचे तसे. मी म्हणायची, तोंडानं बोला ना सरळ. मोठ्यानं बोलले की आई हळू बोला म्हणणार, ओठांनी बोलले की मी पाहणार नाही. मग माणसानं करावं काय? रिटायर झाले आणि खात्यातले बोलणारेही तुटले, कोणी मूर्तिजापूरकडे आपल्या गावी गेला, कोणी वर गेला. बाबा मग गप्प राहायला लागले. कोणी काही विचारलं की मान हलवायची. चहा घेता का, मान. बरं आहे का, मान. जावई म्हणायचा, बाबा म्हणजे देवमाणूस, कशालाच नाही म्हणत नाहीत. लोकांना केवढं सोयीचं झालं ते! लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीला लागून माझा बाप एकटा निवांत उभा राहायचा आणि लोक म्हणायचे, काकांना गाण्याची आवड आहे.

आई गेली तेव्हा कळलं. तिला दवाखान्यात ठेवलं होतं आणि तिथला डॉक्टर मास्क लावून बाबांना काहीतरी विचारत होता. बाबा मान हलवत होते. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, पुन्हा मान. डॉक्टर वैतागून माझ्या भावाला म्हणाला, तुमच्या वडिलांना ऐकू येत नाही का? भाऊ म्हणाला, येतं ना. मी बाजूला उभी होते. मी त्या मास्ककडे पाहिलं, बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं, ते त्या कापडात ओठ शोधत होते. वीस-बावीस वर्षांत मला ही गोष्ट सुचू नये? मला, जिला ती बोली येत होती?

आईचं सगळं झाल्यावर त्यांना अमरावतीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तपासून सांगितलं, दोन्ही कानांच्या नसा गेल्यात, तरुणपणीच गेल्या असणार, इतक्या उशिरा का आणलं. काय सांगणार त्याला! यंत्र घेतलं. बाबांनी ते आठ दिवस घातलं. कुकरच्या शिटीला ते भिंतीला चिकटायचे. माणसांचं बोलणं सोडून सगळं ऐकू येतं म्हणाले, पुन्हा लूमखात्यात गेल्यासारखं वाटतं, आणि काढून डबीत ठेवलं. भाऊ चिडला. मी चिडले नाही. माझ्या मनात एकच होतं की या माणसाला आता विचारून घ्यायचं. बावीस वर्षं जे पोटात ठेवलं ते हा माणूस आहे तोवर त्याच्याच तोंडून ऐकायचं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, भाऊ आणि वहिनी कामावर, आम्ही दोघं ओट्यावर उन्हात बसलो होतो. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. बाबा सोललेले दाणे खात होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले. इतक्या वर्षांनी जबडा अवघडल्यासारखा झाला होता. त्यांनी आधी वाटीतून मान वर केली नाही. मग पाहिलं आणि त्यांच्या हातातले दाणे तसेच राहिले. मी विचारलं, माह्या लग्नाची बैठक होती तवा तुमी मान काहून हलवली?

त्यांना प्रश्न कळायला क्षणही लागला नाही. आणि उत्तर त्यांनी ओठांनी दिलं नाही, खड्या आवाजात दिलं.

'तूच तं म्हणली होती. पडद्याजवळून. बोलू नका, मान हलवा.'

आणि मग ते मला दिसलं, देवाशप्पथ, बावीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. हशा पिकलेला. बाबांनी घाबरून पडद्याकडे पाहिलेलं, माझ्याकडे, कारण त्या घरात त्यांना समजेल असं बोलणारी मी एकटी. आणि मी लाजेनं, रागानं, जबडा ताणून त्यांना सांगितलेलं. बोलू नका. मान हलवा. मग मी वळून ट्रे भरायला गेले होते. मला फक्त ट्रे आठवत होता. त्यांना माझे ओठ आठवत होते. खात्यात ओठांनी सांगितलेलं कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे, सांगितलं की करायचं, नाहीतर हात मागात जातो. त्यांनी केलं.

'मले वाटलं, तुले पोरगा पसंत पडला,' ते म्हणाले. 'परीक्षेचा तुलेच कंटाळा आला आसंन. पोरगी म्हणते मान हलवा, तं आपण कायले मंधात बोला.' मग थांबून त्यांनी विचारलं, 'काहून? काय इचारलं होतं त्या बुवानं?'

म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. खर्र्यानं भरलेल्या त्या मिटलेल्या तोंडातला एक शब्द त्यांना कळला नव्हता. त्यांना कोणी नंतर सांगितलंही नाही, कारण आम्हा सगळ्यांना वाटलं की त्यांनीच तर कबूल केलंय. बावीस वर्षं मी त्यांच्यावर रागावले आणि ते समजत राहिले की पोरीला आपल्या आवाजाची लाज वाटते, म्हणून ती आपल्याशी बोलत नाही. त्यातलं ते लाजेचं तर खरंच होतं.

सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याला मी काय सांगू? की त्या मानेत माझं गणित गेलं? मी ओठ हलवले, काही नाही बाबा, चहात साखर किती टाकू, एवढंच विचारलं होतं.

बाबा रागावले. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, आयुष्यभर ज्याला राग समजलो तो नुसता आवाज होता. आता त्यांनी दाण्यांची वाटी बाजूला सारली.

'साखरेसाठी? साखरेसाठी मले गप्प बसवलं तुनं?'

मी मान हलवली.

'मी पाठ करून बसलो होतो. तीन दिवस खात्यात पाठ केलं. माह्या पोरीची परीक्षा हाय. पह्यले परीक्षा होऊ द्या, मंग लगन. माही पोरगी मास्तरीण होणार हाय.' हे ते मला सांगत नव्हते. ओट्याच्या कडेला हात टेकून, समोर ते पाहुणे बसले असावेत असं पाहून, संबंध लाइनीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. मग पुन्हा बोलले. शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं, तोच तो, ज्यानं पुढे शोकसभेत अबोल म्हटलं. त्यानं मला खुणेनं विचारलं, बाबांचं डोकं फिरलं का, जरा हळू बोलायला सांग. मी हातातल्या शेंगा त्याच्या दिशेनं फेकल्या. बाबांना म्हटलं, ओठांनी, आणखी बोला. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि मग दमून दाण्यांची वाटी मांडीवर घेतली.

सव्वा महिन्यानं ते गेले. त्या सव्वा महिन्यात मी चार वेळा अकोल्याला जाऊन आले आणि आम्ही खूप बोललो, पण साखरेचं खोटं मी मागे घेतलं नाही. ते माझ्यावर त्या साखरेसाठी शेवटपर्यंत थोडे रागावलेलेच होते. राहू दिला मी तो राग. त्यांचा तो हक्क होता, आणि माझ्याकडून त्यांना दुसरं काही देता येत नव्हतं.

तर मोक्षधामात चौघांची भाषणं झाली, मी नाही म्हणून मान हलवली, आणि मग सभा चालवणारा म्हणाला, दिवंगतांच्या आत्म्यास शांती लाभो म्हणून आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शंभर-दीडशे माणसं चिडीचूप. ज्या माणसाला आम्ही जन्मभर गप्प केलं त्याला निरोप देतानाही गप्पच बसायचं. मी मान खाली घातली नाही. मी चितेकडे पाहत होते आणि जबडा दुखेपर्यंत ओठ हलवत होते. नंतर मावशीनं विचारलं, कोणता जप करून राहिली होती वं? मी तिला सांगितलं, जप नव्हता, बाबांशी बोलत होते. त्यांना खरं सांगत होते, त्या मामानं काय विचारलं होतं ते.